"दादाचे पाय दुखले" या वाक्यापुढे टक्केवारी कशी टिकायची?

कुंपणावरची

लांबलचक लिहिणारे, आधीच सॉरी.

बाबांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकलाय. तेव्हापासून बाकीच्या गोळ्यांबरोबर रात्री एक स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू आहे. सात-आठ महिने काहीही तक्रार नव्हती. मग मोठे काका चार दिवस राहायला आले आणि गप्पा मारता मारता सहज बोलून गेले की ही गोळी मी पण घ्यायचो, पाय असे भरून यायचे की जिना उतरताना कठडा सोडवायचा नाही, बंद केली आणि महिन्याभरात खडखडीत. झालं! बाबांसाठी दादा म्हणजे ब्रह्मवाक्य. पुढच्याच आठवड्यात बाबांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या.

आणि खरंच दुखतात हो, नाटक नाहीये, रात्री दोनला उठून अंधारात पोटरी चोळत बसलेलं मी स्वतः बघितलंय. आता ते गोळी बंद करतो म्हणतायत.

मी काय शहाणपणा केला तर नेटवरून माहिती काढून, प्रिंट मारून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान नीट वाचलं, कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि परत देत म्हणाले, "यातलं कोणी माझ्या ओळखीचं नाही. दादा आहे." यावर काय बोलणार तुम्ही?

बरं, मलाही आतून थोडं त्यांचं पटतंच. आत्याच्या मैत्रिणीचे वडील नव्वदीचे आहेत, हार्टचा त्रास असून कोलेस्टेरॉलची गोळी कधी घेतली नाही. उलट माझा एक मामा सगळं पथ्यपाणी, सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घेऊनही गेला. म्हणजे एका बाजूला माझ्या घरातली हाडामांसाची माणसं आणि दुसऱ्या बाजूला "अमुक टक्के". टक्केवारीवरून एका माणसाचं काही कळतं का मुळात? नसेल कळत तर मग स्वानुभवाला एवढं हिणवायचं कशाला? तुम्ही लोक असे किस्से ऐकल्यावर डोक्यात कुठल्या कप्प्यात ठेवता?

(प्लीज "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहून पळू नका, अपॉइंटमेंट पुढच्या शुक्रवारी आहे, तोपर्यंत गोळी चालू ठेवायचं कसंबसं कबूल करून घेतलंय.)

आकडेमोड्या

तुमच्या आत्याची गोष्ट खरी, मामाची गोष्ट खरी आणि तरीही गोळी उपयोगाची, ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. कसं ते सांगतो, थोडी आकडेमोड सहन करा, नावालाच जागतोय.

स्टॅटिनची एक गाजलेली ट्रायल १९९४ साली छापून आली, स्कँडिनेव्हियातली. ४४४४ पेशंट, सगळे आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले नाहीतर अंजायनावाले (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणारे), म्हणजे ढोबळमानाने तुमच्या बाबांच्या गटातले. अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, कोणाला कुठली मिळतेय हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. साधारण साडेपाच वर्षांनी मोजदाद केली तेव्हा बिनऔषधवाल्यांत शंभरातले १२ गेलेले होते आणि औषधवाल्यांत ८.

आता हे शंभर-शंभर लोक दोन रांगांत उभे करा. औषध न मिळालेल्या रांगेत ८८ जण जिवंत आहेत. हे ८८च्या ८८ म्हणजे तुमच्या आत्याच्या मैत्रिणीचे वडील. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगणार की मला काय झालं गोळीवाचून? आणि औषधवाल्या रांगेतले ८ गेले, ते तुमचे मामा. त्यांच्या घरचे आयुष्यभर म्हणणार की एवढं करून काय उपयोग झाला. म्हणजे गोळी काम करत असली तरी हे दोन्ही प्रकारचे किस्से ढिगाने तयार होणारच आहेत, त्या ट्रायलच्या पोटातच बसलेत ते.

मग गोळीमुळे वाचलेले कुठायत? शंभरात चार आहेत ते. पण ते चौघं कोण हे कोणालाच माहीत नाही, त्यांचं त्यांनाही माहीत नाही. औषधवाल्या रांगेतल्या ९२ जिवंत लोकांत ते मिसळून गेलेत. कधी कोणी उठून असं म्हटल्याचं ऐकलंय का की "मी गेल्या मंगळवारी जाणार होतो, पण गोळीमुळे राहिलो"? न आलेल्या अटॅकचा किस्सा होत नाही. दुखलेल्या पायाचा होतो, आणि तो कठड्यासकट, जिन्यासकट होतो.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा, पण तिथे ते शीत आपण आपल्या हाताने उचललेलं असतं. किस्सा म्हणजे भांड्यातून आपणहून उडून आपल्या अंगावर आलेलं शीत. उरलेलं भांडं कसं आहे ते त्यावरून कसं सांगणार?

बाकी बाबा त्या चौघांत आहेत का हे टक्केवारीवरून कळतं का, तर नाही कळत. कोणी सांगू शकत नाही. पण मोठ्या काकांचे पाय दुखले यावरूनही ते कळत नाही, आणि या दुसऱ्या अज्ञानाकडे घरात कोणी बोट दाखवत नाही बघा.

तिरकस

वरच्याला +१. पण बाबांना हे शंभर-शंभरचं सांगू नका, ते म्हणतील हे दोनशे पण माझ्या ओळखीचे नाहीत :)

अवांतर: दिवसाला दोन पाकिटं ओढून नव्वदी गाठलेले आजोबा प्रत्येक खानदानात एक तरी असतातच. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सवयी १९५१ मध्ये लिहून घेतल्या आणि पुढे पन्नास वर्षं त्यांचं काय होतं ते बघत राहिले, तर सिगारेट न सोडणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी भरलं. त्यातही नव्वदीचे ओढणारे सापडतीलच की. जे पंचावन्नला गेले त्यांचे किस्से सांगायला ते नाहीत आणि नातवंडांनी त्यांना बघितलेलंच नाही, त्यामुळे आजोबांची गोष्ट सांगणारे सगळे जगलेल्या आजोबांचेच नातू. हलकेच घ्या.

रात्रपाळी

मी नर्स आहे, हे असं भांडण आठवड्यातून दोनदा ऐकते.

तुमच्या लिहिण्यातली एकच ओळ मी परत परत वाचली, "पुढच्याच आठवड्यात बाबांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या". सात-आठ महिने गोळी पोटात जात होती तेव्हा दुखलं नाही, काकांचं वाक्य कानात गेलं आणि दुखलं. आता यावर घरातले लोक दोन प्रकारे चुकतात, एक म्हणजे "बघ, गोळीच" आणि दुसरं म्हणजे "मनाचे खेळ आहेत, काही दुखत नाही तुमचं". दुसरं वाक्य जास्त वाईट, प्लीज ते बोलू नका. दुखणं खरंच असतं.

यावर एक ट्रायल झाली २०२० मध्ये, मला फार आवडते ती. साइड इफेक्टमुळे स्टॅटिन सोडून दिलेले साठ लोक घेतले, म्हणजे सगळे तुमचे मोठे काकाच समजा. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, एका महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार बाटल्या चक्क रिकाम्या. क्रम उलटसुलट. रोज फोनवर आपल्या त्रासाला शून्य ते शंभरातला एक आकडा द्यायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात सरासरी आली ८. स्टॅटिनच्या महिन्यात १६.३. हे बघून काकांचं बरोबरच होतं म्हणायचं ना? पण खोट्या गोळीच्या महिन्यात आली १५.४!! म्हणजे गोळी घेतल्यावर त्रास होतो हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं, फक्त त्यातला दहातला नऊ भाग गोळी "घेण्याचा" होता, गोळीतल्या औषधाचा नाही. त्या लोकांना त्यांचे स्वतःचे आकडे दाखवले आणि नंतर त्यातल्या निम्म्यांनी गोळी परत चालू केली. मला त्यातलं हेच भारी वाटतं की त्यांच्यापुढे दुसऱ्या कोणाची टक्केवारी नाही टाकली, त्यांचाच अनुभव नीट मोजून त्यांच्याच हातात दिला.

आणि मोठ्या आकड्यांतही तसंच दिसतं. २०२२ मध्ये १९ ट्रायलमधले सव्वा लाखाच्या आसपास लोक एकत्र करून बघितले, तर स्टॅटिनवाल्यांत स्नायू दुखण्याची तक्रार २७.१ टक्के लोकांची आणि खोट्या गोळीवाल्यांत २६.६ टक्के. त्या वयात चार वर्षांत चौघातल्या एकाचं काही ना काही दुखतंच हो, गोळी असो नसो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आपण मात्र कावळ्याला दोषी धरून मोकळे होतो.

मी_ती_एकटी

सगळे एका सुरात गाताय म्हणून मुद्दाम लिहितेय.

मला दोन वर्षांपूर्वी नखांच्या बुरशीसाठी पोटात घ्यायची गोळी दिली होती. पाचव्या आठवड्यात माझी चव गेली. सर्दीत जाते तशी नाही, पूर्ण गेली आणि वर एक धातूसारखी चव तोंडात बसली, साधं पाणी प्यायलं तरी नाणं चोखल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांकडे गेले तर मान वर न करता उत्तर आलं, "ते फार रेअर असतं." झालं, पुढचा विषय. म्हणजे रेअर असतं म्हणून मला झालेलं नाही? घरी येऊन खोक्यातला कागद उघडला, बारीक अक्षरात चव जाणे हे लिहिलेलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बंद केली, चव परत यायला अडीच महिने लागले. तेव्हापासून कोणी मला टक्केवारी ऐकवली की माझं डोकं फिरतं. हजारातला एक कोणीतरी असतोच ना, आणि त्याला स्वतःपुरतं ते शंभर टक्केच असतं.

दुसरं, ट्रायल म्हणजे काही देवाचा कौल नाही. तीन हजार लोकांवर केलेल्या ट्रायलमध्ये दहा हजारात एकाला होणारा त्रास बहुतेक दिसणारच नाही, साधं गणित आहे. आणि काही स्टॅटिन ट्रायलमध्ये सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यांनाच गोळी देऊन ज्यांना झेपत नाही त्यांना खरी ट्रायल सुरू व्हायच्या आधीच बाजूला काढतात. मग उरलेल्यांत त्रास कमी दिसला तर नवल ते काय?

आणि थॅलिडोमाइड आठवा. गरोदर बायकांना मळमळीवर बिनधास्त देत होते. बाळं हातापायांविना जन्माला येतायत हे कुठल्या मोठ्या अभ्यासात नाही कळलं, १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅकब्राइड नावाच्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला चार ओळींचं पत्र लिहिलं आणि जर्मनीत लेंझ नावाच्या डॉक्टरांनी बोंब मारली म्हणून कळलं. तोवर दहा हजारांवर मुलांचं आयुष्य गेलेलं. तेव्हा सगळ्यांनी "हे तर किस्से आहेत" म्हणून झटकलं असतं तर?

आकडेमोड्या

@मी_ती_एकटी, चवीचं वाचून वाईट वाटलं आणि तुमच्या त्या पहिल्या डॉक्टरांनी आकडेवारी नाही वापरली, आकडेवारीच्या मागे लपले ते. "रेअर" याचा अर्थ "होतं, पण क्वचित". समोर बसलेल्या पेशंटला ते झालंय का हे बघणं वेगळं काम आहे. आधी गाळून घेण्याचा मुद्दाही बरोबर आहे, मी लिहायला हवा होता. (म्हणूनच रात्रपाळीताईंनी सांगितलेली साठ जणांची ट्रायल मोलाची, तिथे असे गाळले जातील तसलेच लोक घेतले होते.)

पण ते मॅकब्राइडचं पत्र परत एकदा बघा. त्यात "माझ्या एका पेशंटला असं झालं" एवढंच नाहीये. एरवी बाळांत व्यंग दिसायचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, आणि या गोळ्या घेतलेल्या आयांच्या बाळांत जवळपास २० टक्के, अशी तुलना त्या चार ओळींतच आहे. शेवटी विचारलंय की आणखी कोणी असं पाहिलंय का. म्हणजे त्याने किस्सा मोजायला दिला.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. १९९८, तेच लॅन्सेट, आणि बारा मुलं. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध आहे असं सुचवणारा पेपर. तेही सुरुवातीला मूठभर घरांतल्या आईवडिलांच्या अनुभवावरच उभं होतं, आणि ते आईवडील खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही, लस टोचायचं वय आणि ऑटिझमची लक्षणं दिसायला लागायचं वय लागूनच येतं, त्यामुळे लाखो मुलांना लस दिली की कित्येक घरांत ते पाठोपाठ घडणारच. मग मोजलं. डेन्मार्कने २०१९ पर्यंत साडेसहा लाखांवर मुलं तपासली, लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक नाही. पेपर तर २०१० मध्येच मागे घेतला होता. दोन्ही ठिकाणी सुरुवात सारखीच, पानावर मूठभर मुलं आणि काळजात चर्र करणारी गोष्ट. नुसती गोष्ट ऐकून खरी कुठली हे १९६१ मध्येही नसतं सांगता आलं आणि १९९८ मध्येही.

म्हणून कप्पा विचाराल तर माझ्याकडे किस्स्यांचा कप्पा "मोजायचं आहे" असा आहे. मोठ्या काकांचा किस्सा कधीच मोजून झालाय, एवढाच फरक.

मी_ती_एकटी

दीड आणि वीस हे माहीत नव्हतं. बरं. पण "मोजून झालंय" म्हटल्यावर माणसाचं ऐकणं बंद होतं हा माझा अनुभव आहे, तो मी मागे घेत नाहीये.

पेन्सिल_शार्पनर

आकडेवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका दुप्पट होतो. बायकांनी घाबरून धडाधड गोळ्या सोडल्या, पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्तीचे झाले. दुप्पट म्हणजे काय होतं माहितीये? सात हजार बायकांत एक, त्याऐवजी सात हजारात दोन. "दुप्पट" खोटं नाही, पण कशाच्या दुप्पट हे गाळलं की आकडासुद्धा घाबरवणाऱ्या किस्स्यासारखंच काम करतो. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो, हे तर कोणी सांगितलंच नाही.

कुंपणावरच्या ताई, तुम्ही बाबांना दिलेल्या प्रिंटमध्ये काय होतं? "मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी" असंच काहीतरी ना? वरचंच १२ आणि ८ आहे ते, १२ चे ८ म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा कमी, तेच ३० टक्के म्हणून दिसतं. ३० टक्के वाचून तुमचे बाबा म्हणणार कसले तीस टक्के. शंभरातले बारा नि शंभरातले आठ हे माणसाला निदान डोळ्यापुढे तरी आणता येतं.

रात्रपाळी

आणि कागद नका हो देऊ परत. काकांनाच फोन लावा बाबांसमोर, आणि खोडून काढायला नाही, नीट विचारायला. दुखणं गोळीच्या आधी होतं का, कुठली गोळी, किती पॉवरची, बरोबर दुसरं काही चालू होतं का, बंद केल्यावर नक्की कधी थांबलं, परत कधी घेऊन बघितली का. किस्सा सांगणाऱ्याला असं कोणी विचारतच नाही, सगळे एकतर माना डोलावतात नाहीतर नाकं मुरडतात. आणि बाबांना रोज एक आकडा लिहायला लावा.

कुंपणावरची

अपडेट देते, उद्या शुक्रवार.

प्रिंटमध्ये खरंच "३० टक्के" होतं, लाज वाटली :(

काकांना फोन लावला, स्पीकरवर. मी विचारत गेले तसे काका आठवत गेले. गोळी बंद केली त्याच महिन्यात त्यांनी गुडघ्याचे व्यायाम पण सुरू केले होते म्हणे, हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. जिना आधीपासून जड जायचा का, यावर आधी "छे छे" आणि मग बराच वेळ थांबून "जायचा थोडा, पण इतका नाही". बाबा काही बोलले नाहीत, फक्त स्पीकरचा आवाज वाढवला.

आकडा लिहायचं बाबांनी लगेच ऐकलं, हिशेब ठेवायला आवडतो त्यांना. कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने रोज रात्री शून्य ते दहातला एक. ४, ५, ४, ३, ७, ४, ३, ३. ७ आकडा लिहिला तो दिवस बुधवार. काल उद्याच्या तयारीसाठी गोळ्या मोजायला बसले तर पट्टीत एक जास्त निघाली, म्हणजे मधे कधीतरी एक रात्र चुकलीये. बाबांच्या मते बुधवारच, कारण त्या दिवशी लाइट गेली म्हणून लवकर झोपले होते. पट्टी हातात धरून दोन मिनिटं कॅलेंडरकडे बघत बसले आणि मग स्वतःशीच म्हणाले, "मग बुधवारी कशाने दुखलं?"

मी गप्प. गोळी सोडायचं मात्र दोन दिवसांत बोललेले नाहीत.

मी_ती_एकटी

एका बुधवारवरून काही ठरत नाही हं, औषध एका रात्रीत अंगातून जात नाही. दुखणं खरंच गोळीचं असू शकतं, कमी लोकांना असेल पण असतं. उद्या सीके (स्नायूंना इजा झालीये का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायचं का ते विचारा, आणि थायरॉइड केलंय का? थायरॉइड कमी असेल तर स्टॅटिनने स्नायू जास्त दुखू शकतात, आणि एरवीही दुखतात. डोस कमी करून किंवा दुसरं स्टॅटिन देऊनही बघतात, बंदच करायला लागतं असं नाही. लघवीचा रंग गडद झाला तर मात्र थांबू नका, लगेच जा.

कुंपणावरची

थायरॉइड नाही केलेलं, किमान दोन वर्षांत तरी नाही. लिहून ठेवलं. कॅलेंडरचं पान फाडून नेऊ की फोटो चालेल?

रात्रपाळी

पानच न्या. आणि डॉक्टरांच्या हातात बाबांना देऊ दे.